पांढऱ्या साडीसाठी कॅमेरा

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुना कॅमेरा आज पुन्हा अडकला. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या माणसाने दोन वेळा हनुवटी वर केली, तिसऱ्या वेळी वैतागून खाली केली. शटर पडतं पण उठत नाही. बॅटरी काढून पुन्हा घातली की उठतं. दुकानात हे चालून जातं. लग्नात नवरा-नवरीने हार उचलून धरलेले असताना बॅटरी काढत बसता येणार नाही.

आणि नेमकं आजच प्रेमदास काका दुकानात आले. ते जिनिंगमध्ये काट्यावर असतात, कापसाच्या गाड्या तोलतात. त्यांच्या मोठ्या मुलीचं, रीताचं, लग्न एक डिसेंबरला आहे. काम मला देतो म्हणाले, पण बसायच्या आधीच बोलले, "मांगच्या खेपेले साडी दिसली पोरा, पोरगी नाई दिसली."

मागची खेप म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या पुतणीचं लग्न. आमच्या बौद्धांत लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. आता स्टेजचा पडदाही पांढरा लावतात. एवढं पांढरं समोर आलं की माझा कॅमेरा घाबरून सगळंच अंधारं करतो, त्यात चेहरे जातात. उजेड वाढवला तर चेहरा येतो, पण साडीचा काठ उडून जातो.

काका सेलूच्या फोटोवाल्याला काम देणार होते. धाकटी भावना मध्ये पडली म्हणे. सिंदीचं काम सिंदीतल्यालाच द्या, असं तिने धरून ठेवलं. आजकालच्या मुलींमध्ये गावाबद्दल एवढी आपुलकी कमी दिसते.

हे काम बिघडलं तर गावातलं पांढरं लग्न मला पुन्हा मिळणार नाही, आणि माझ्याकडे तर तीच लग्नं येतात. नवा कॅमेरा घ्यावाच लागेल. त्यासाठी साठवून ठेवलेलं आहे. घ्यायचा कोणता, एवढंच ठरायचं आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीने वर्ध्याला अण्णाजींकडे गेलो. माझे सगळे अल्बम त्यांच्याकडेच छापतात. त्यांच्या पाटीवर 'डिजीटल' असं अजूनही दीर्घ लिहिलेलं आहे. मी एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं नाही.

त्यांनी काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एकाच कंपनीचे, एकाच किमतीच्या आसपास. डाव्या हाताच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात. एक खराब झालं तरी दुसऱ्यात फोटो राहतो. उजव्या हाताचा कॅमेरा माझा हात थरथरला तरी सांभाळून घेतो. बाकी सगळं सारखं. मी त्यांना डावा आणि उजवा अशीच नावं दिली.

माझा हात थरथरतो हे खरं आहे. कार्ड खराब होईल ही भीतीही खरी आहे. म्हणजे माझ्या दोन भीत्या आहेत आणि प्रत्येकीला एकेक कॅमेरा आहे.

अण्णाजींचा चहा दोनदा झाला. शेवटी म्हणाले, "अबे प्रफुल्ल, माणूस पोह्याची प्लेट सरेपर्यंत बायको पसंत करते. तू सकाळपासून बटनंच दाबून राह्यला."

मी म्हटलं, घाईत केलेलं मला पचत नाही. त्यावर ते म्हणाले की बारावीचा पेपरही मी असाच सोडवला असेन. खरं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तपासत बसलो आणि घंटा झाली.

त्यांना माझी दया आली असावी. एक-एक करून दोन्ही कॅमेरे घरी नेऊन पाहा म्हणाले. आज डावा दिला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कॅमेरा पाहायचा तर पांढऱ्यावरच पाहायला हवा. सिंदीत या दिवसांत पांढऱ्याला तोटा नाही. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग घरांएवढे झाले आहेत. प्रेमदास काकांनी मालकांची परवानगी काढून दिली. ढिगासमोर पांढऱ्या साडीत कोणीतरी उभं राहायला हवं होतं. रीता लग्नाआधी उन्हात यायला तयार नव्हती, म्हणून भावना आली. आईची पांढरी साडी नेसून आली होती.

गाड्या रिकाम्या व्हायची वाट पाहणारे सगळे कास्तकार ट्रॅक्टरवरून उतरून बघायला आले. एकाने विचारलं, "काय गा, कापसाची जाहिरात करून राह्यला का?" दुसऱ्याने सांगितलं, बाईच्या पलीकडचा ढीग माझा आहे, तोही येऊ दे. काका काट्याच्या खिडकीतून पाहत होते. भावना ताठ उभी राहिली. "तुम्ही सांगा, मान कशी ठेवू?" असं तिने प्रत्येक फोटोला विचारलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं.

घरी पाहिले. साडीचा काठ दिसतो, कापूस वेगळा दिसतो, चेहरा काळा नाही. पण कडक आहे. डाव्यात चेहरा कडक येतो, असं दिसतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

परवा डावा परत करून उजवा आणला. आज त्याच जागी, त्याच साडीत, त्याच वेळेला. तुलना म्हटल्यावर दुसरं काही बदललेलं चालत नाही. भावना मात्र वेगळ्या बांगड्या घालून आली होती. मी तसं सांगितलं, तर म्हणाली फोटोत बांगड्यांचं वजन होत नाही.

दहा फोटो काढले आणि वारा सुटला. बारीक कापूस सगळीकडे उडायला लागला. परक्याचा कॅमेरा, आत एक तंतू गेला तरी डाग कायमचा. मी उजवा लगेच पिशवीत बंद केला, त्यातलं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात घातलं आणि वाया गेलेल्या वेळेत चार फोटो असेच घेतले. दुसऱ्याच फोटोला जुना अडकला. बॅटरी काढली, फुंकली, घातली. तोपर्यंत माझ्या भुवया आणि मिशा कापसाने भरल्या होत्या. भावना हसायला लागली. "एका दुपारात म्हातारा झाला की तू," म्हणाली. हसताना तिला ढिगाला टेकावं लागलं.

बुधवारी ती मला तुम्ही म्हणत होती. व्यवसायात असं चालत नाही, पण चालवून घेतलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळे फोटो संगणकावर घेतले. कॅमेरा फोटोंना इंग्रजी अक्षरं आणि लांबलचक आकडे देतो, ते मला आवडत नाही. एकेकाचं नाव बदलून नीट लिहिलं. डाव्याच्या कार्डातले डावा-१, डावा-२ असे. उजव्याच्या कार्डातले उजवा-१ पासून उजवा-१४ पर्यंत. आता गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ज्याला विचारतो तो उजवा म्हणतो.

टपरीवर विचारलं. स्टेशनवरच्या तिकीटवाल्या साहेबांना विचारलं. दाढी करताना विचारलं. सगळ्यांचं बोट उजवा-१२ वर येतं. कोणी म्हणतं जिवंत आहे, कोणी म्हणतं उजेड गोड आहे. डाव्याचे फोटो राशन कार्डाचे वाटतात, असं तिकीटवाले साहेब म्हणाले.

आईलाही दाखवला. ती चष्मा लावून पाहत बसली. मग म्हणाली, "पोरगी साजरी हाये." मी म्हटलं, आई, मी कॅमेऱ्याचं विचारतो आहे. ती म्हणाली, "मी का मशीनचं सांगून राह्यली?" आणि मोबाइल परत देईना. प्रेमदास काका मूळचे कुठले, हेही विचारलं. आईला असल्या बाबतीत विचारून उपयोग नसतो.

उजवाच घेतो. मन हलकं झालं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. जिनिंग बंद होतं. शाळेतून बाहेर पडताना भावना भेटली. कॅमेरा ठरला का, असं तिने स्वतः विचारलं. उजवा घेतो म्हटलं आणि उजवा-१२ दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. हळूच म्हणाली, "अशी दिसतो का मी?"

मी तिला समजावून सांगितलं की यात तिचं काही नाही, हा कॅमेऱ्याचा गुण आहे. हाच कॅमेरा असता तर कोणीही अशीच दिसली असती.

तिने मोबाइल परत दिला आणि मैत्रिणीकडे निघून गेली. कशाने नाराज झाली कळलं नाही. फोटो तर चांगला होता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

उजवा विकत घ्यायला वर्ध्याला गेलो. दुकानात लावायला म्हणून उजवा-१२ मोठा छापून द्या म्हटलं. अण्णाजींनी संगणकावर फोटो उघडला, मोठा केला, पुन्हा मोठा केला आणि चष्मा कपाळावर चढवला. "हा फुटून राह्यला. नव्या कॅमेऱ्याचा फोटो असा फुटत नाई." मग त्यांनी फोटोच्या पोटातली माहिती उघडली. तिथे कॅमेऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, आपण वरचं नाव बदललं तरी.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं नाव होतं.

"हा त तुह्या जुन्या डब्ब्यानं काढला, बाबू," अण्णाजी म्हणाले, आणि मग त्यांना हसू आवरलं नाही. छपाईवाल्या माणसाला आतून बोलावून सांगितलं. मला त्या शनिवारचं सगळं एकदम आठवलं: वारा, कार्ड, बॅटरी. पहिले दहा उजव्याचे आणि शेवटचे चार जुन्याचे. अख्ख्या सिंदीने ज्यावर बोट ठेवलं, तो मी फेकायला निघालेल्या कॅमेऱ्याचा फोटो होता. खऱ्या उजव्याचे दहा काढून पाहिले. डाव्यासारखेच. काठ चांगला, चेहरा कडक.

जुनाच ठेवू का, असं अण्णाजींना विचारायला गेलो, तर त्यांनी माझ्याच हातून शटर दाबवलं. अडकलं.

काहीच न घेता परत आलो. लग्न तोंडावर आलं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

कारण सापडलं. कापूस. हवेत बारीक कापूस उडत होता, त्याच्यातून उजेड गाळून आला, म्हणून चेहरा मऊ झाला. स्टुडिओत छत्री लावतात तसंच. कॅमेऱ्याचा त्यात भाग नाही.

प्रेमदास काकांना खरं सांगणं भाग होतं, म्हणून त्यांच्या घरी गेलो. काका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, कॅमेऱ्याचं तू पाहजो, मी काट्याचं पाहतो. भावना दारातच उभी होती. जुन्या कॅमेऱ्याचं ऐकल्यावर तिचा राग एकदम गेला. इतकी हसली की रीताने आतून विचारलं, काय झालं.

"म्हणजे त्या कॅमेऱ्याचा गुण नव्हता," ती म्हणाली.

नव्हता, मी कबूल केलं. कापसाचा होता.

"कापसाचा?"

मी तिला उडता कापूस आणि उजेडाचं समजावून सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं. घ्या मंग कोणताही." पुन्हा तुम्ही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डावा घेतला.

गाडीत बसल्या बसल्या ठरलं. चेहऱ्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच आहेत, मग कोणती भीती मोठी एवढंच पाहायचं. हात थरथरला तर एक फोटो जातो, मी लगेच दुसरा काढीन. कार्ड गेलं तर रीताचं लग्न जातं, ते दुसऱ्यांदा लावता येत नाही. अण्णाजींना हे सांगितलं, तर म्हणाले, एवढं डोकं बारावीत चालवलं असतं तर. पण खोक्यात एक बॅटरी जास्तीची टाकून दिली.

आईने कॅमेरा बुद्धमूर्तीसमोर ठेवून मेणबत्ती लावली. खोक्याला नव्या चपलांच्या दुकानासारखा वास आहे. मी पुन्हा पुन्हा घेतला.

१ डिसेंबर, रविवार

पाय सुजले आहेत आणि मी आनंदात आहे.

स्टेजचा पडदा पांढरा, रीताची साडी पांढरी, नवरदेवाचा सदरा पांढरा, नातेवाइकांतले निम्मे पांढरे. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा मी बॅटरी पुन्हा एकदा तपासली. मग हार उचलले गेले, मी दाबलं, आणि काही अडकलं नाही. फुलं उडाली, मी दाबत राहिलो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर रीताचा चेहरा असा आला की ती लाजलेलीसुद्धा कळते.

हात थरथरला. दोनच फोटो हलले.

भावनाने जेवायला तीनदा बोलावलं. मी काम सोडून कसा जाणार? शेवटी तिने पुरी आणि वांग्याची भाजी पत्रावळीत आणून स्पीकरच्या खोक्यावर ठेवली आणि मी खाईपर्यंत कॅमेरा स्वतःच्या गळ्यात अडकवून उभी राहिली. कोणाला हात लावू दिला नाही. जबाबदार मुलगी आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

सगळे फोटो पाहिले. दोन्ही कार्डांवर आहेत. चेहरे आहेत, काठ आहेत.

एकच खोट राहिली. वधूवरांच्या मागे, बाजूला, जिथे जिथे भावना आहे, तिथे बाकीचे सगळे स्टेजकडे पाहत आहेत आणि ही सरळ कॅमेऱ्यात पाहते आहे. फुलं उधळतानासुद्धा. नैसर्गिक फोटोत असं चालत नाही. आधीच सूचना द्यायला हवी होती. अल्बममध्ये असे फोटो शक्यतो छोटे घेतो.

आणखी एक. मांडवात कापूस नव्हता. तरी तिचा चेहरा उजवा-१२ सारखाच आला आहे. कापसाचं कारण पुन्हा तपासावं लागेल.

२२ डिसेंबर, रविवार

अल्बम घेऊन काकांकडे गेलो. आईही आली. तिला कोणी बोलावलं होतं माहीत नाही, पण ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि तिकडे तिच्यासाठी पोहेसुद्धा तयार होते.

सगळ्यांनी अल्बम पाहिला. काकूंनी रीताच्या पाठवणीच्या फोटोवरून हात फिरवला. काकांनी एकेक पान कापसाची पावती वाचावी तसं वाचलं. शेवटी म्हणाले, "पोरगी दिसली."

मला वाटलं आता पुढचंही काम मिळेल. मी तसं बोललो. भावनाचं ठरेल तेव्हा लक्षात ठेवा म्हणालो.

काका म्हणाले, "नाई पोरा. भावनाच्या लग्नाचं काम तुले नाई भेटत. तवा दुसरा फोटोवाला पाहा लागन."

असं सगळ्यांसमोर. काकू पदराआड हसल्या. आई जमिनीकडे पाहत होती, तिचे खांदे हलत होते. बहुतेक वाईट वाटलं असावं. भावना ताटल्या उचलून आत गेली ती आलीच नाही. मी पोहे तसेच ठेवले. घरी येताना आई गाणं गुणगुणत होती. काही बायकांना दुःख असं बाहेर येतं.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून सगळे फोटो पुन्हा पाहिले. चूक सापडेना. चेहरे उत्तम, हार उत्तम, जेवणावळ उत्तम. मग तीच एक खोट. भावना प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याकडे पाहते. घरच्या लोकांच्या ते नजरेत आलं असणार आणि तिलाही चारचौघांत लाजिरवाणं झालं असणार. ही फोटो काढणाऱ्याचीच चूक.

उद्या तिची माफी मागतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

भावना दुपारी काकांचा डबा घेऊन जिनिंगमध्ये येते, म्हणून तिथे गेलो. काट्यापाशी गाठली. मी पाठ करून गेलो होतो, तसंच बोललो: की तुम्ही कॅमेऱ्यात पाहत असताना मी सांगायला हवं होतं, त्यामुळे पुढचं काम गेलं ते बरोबरच झालं, पण मनात राग ठेवू नये.

तिने डबा खाली ठेवला.

"मी कॅमेऱ्याकडे पाहून राह्यली होती?"

"प्रत्येक फोटोत," मी म्हटलं. "कापसातसुद्धा."

"प्रफुल्ल," ती म्हणाली, "कॅमेरा तीनदा बदलला तू. डावा झाला, उजवा झाला, जुना झाला. मी एकाच जागी पाहून राह्यली. तिथं कोण होतं?"

मी विचार करायला लागलो. उत्तर आलं तसा खाली जे होतं त्यावर बसलो. तो काटा होता. खिडकीतून काकांचा आवाज आला, "प्रफुल्ल, ऊठ तिथून. कास्तकाराच्या कापसात तुहं वजन धरून राह्यलो मी."

ट्रॅक्टरवरचा माणूस म्हणाला, धरू द्या, माझी हरकत नाही.

भावना हसत होती. माझ्याकडे कोणताच कॅमेरा नव्हता. मी तसाच पाहत राहिलो.

५ जानेवारी, रविवार

आईच्या आणि काकांच्या बैठका माझ्याशिवायच बऱ्याच झालेल्या होत्या, हे आता कळलं. तारीख बुद्धपौर्णिमेच्या नंतरची धरली आहे. मला कबूल आहे का, असं सगळ्यात शेवटी विचारलं. मी विचार न करता हो म्हणालो. आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसरा फोटोवाला पाहायचं काम माझ्याकडे आलं. पुलगावच्या रोशनला आज दुकानातून फोन लावला. त्याला सांगितलं की पांढऱ्यावर पांढरं येईल, उजेड थोडा वाढव, पण काठ सांभाळ. बॅटऱ्या जास्तीच्या आण. कार्ड रिकामं करून आण. हार घालताना डाव्या बाजूने काढ, तिचा चेहरा डावीकडून चांगला येतो. रोशनने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "तू त्या दिवशी कुठं उभा राह्यशील ते सांग. स्टेजवर का माह्या मांगं?"

मी म्हटलं, पाहून सांगतो.

भावना समोरच्या स्टुलावर बसली होती. तिने हात पुढे करून फोन घेतला.

"स्टेजवर," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.